एकाच रक्तगटाचं स्थळ

माझे बाबा खडकीच्या एका शाळेत जीवशास्त्र शिकवायचे. वाटाण्यांचा धडा आला की फळ्यावर चौकट आखून बजावायचे, "एक वाटा आईचा, एक वाटा बापाचा. दोघांकडे नाही ते मुलात येत नाही." हे शास्त्र शाळेपुरतं. घरी आल्यावर ते चपलांबरोबर बाहेर राहायचं.

हिंजवडीच्या कंपनीत माझ्याबरोबर काम करणाऱ्या अकोल्याच्या मुलाशी मला लग्न करायचं आहे, असं मी घरी सांगितलं. बाबांनी जात विचारली नाही, पगार विचारला नाही, आम्ही सुधारलेले. त्यांनी रक्तगट विचारला.

"ओ पॉझिटिव्ह. माझाच."

"मग विषय संपला."

एकनाडी म्हणजे एक रक्तगट आणि एक रक्तगट म्हणजे संसाराचं वाटोळं, हे बाबा आजीकडून शिकले होते. इतक्या इमानाने वाटाण्यांनीही पुढच्या पिढीला काही दिलं नसेल.

"बाबा, ओ आणि ओची मुलं ओ होतील, एवढंच. तुमच्याच चौकटीत बसतं ते."

"ते मार्कांसाठी. हा संसार आहे."

पर्याय त्यांच्याकडे तयार होता: माझा आतेभाऊ, रक्तगट बी. त्याचे आजी-आजोबा तेच माझे, ही तर बाबांना जमेची बाजू वाटत होती. "घरातलंच रक्त आहे, चौकशी नको," म्हणे! माझा नुसता संताप झाला. कोर्टात जाऊन लग्न करता आलं असतं. पण बाबांशिवाय मला लग्न नको होतं, आणि हे त्यांना पक्कं ठाऊक होतं.

एका रविवारी आई मेथी निवडत बसली होती. बाबांनी आत्याला फोन लावायला घेतला, तेव्हा ती मान वर न करता म्हणाली, "अहो, माझा रक्तगट ओ आहे."

"तुझा बी. लग्न ठरताना सांगितलं होतं."

"माझ्या वडिलांनी सांगितलं होतं. तुमच्या आईंची अट कळल्यावर."

"म्हणजे आपण दोघं—"

"ओ. दोन मुलं झाली, चांगली धडधाकट. कधी विचाराल म्हणून इतकी वर्षं भीत होते. तुम्ही विचारलंच नाहीत."

आई आमच्या घरात कशाला तरी भीत होती, हे मला त्या दिवशी कळलं. ती मात्र मेथी निवडत राहिली.

बाबांनी फोन खाली ठेवला. तिच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"तरीच दोन्ही मुलं अशी निघाली," ते म्हणाले. मग बराच वेळ पेपर वाचल्यासारखं केलं. शेवटी पेपराआडूनच आवाज आला, "अकोल्याच्या मंडळींना जेवायला बोलवा. आणि हे बघा, त्यांनी विचारलंच, तर पोरीचा रक्तगट बी सांगा."