विहीर आटते म्हणे

आमच्या खराडीच्या सोसायटीतले चौथ्या मजल्यावरचे गृहस्थ सहा वर्षं गावाकडचं घर विकताहेत. लिफ्टमध्ये भेटले की सुरू होतात, "अहो, विहीर आहे, गोठा आहे, गोबरगॅस आहे. मीठ सोडलं तर काही म्हणून विकत आणायला नको!" त्या वेळी त्यांच्या हातात दहा मिनिटांत घरपोच आलेली कोथिंबीर असते.

आजवर अकरा गिऱ्हाइकं आली आणि परत गेली. कुणाला किंमत जास्त वाटली, कुणाला गाव लांब वाटलं. गिऱ्हाईक गेलं की यांना भूक चांगली लागते.

गेल्या रविवारी बारावं आलं. तरुण जोडपं होतं. घासाघीस न करता किंमत कबूल केली. मी शेजारीच बसलो होतो. गृहस्थांचा चेहरा उतरला.

"एक सांगायचं राहिलं," ते म्हणाले, "विहीर मार्चमध्येच आटते. आणि साप फार."

जोडपं चहा अर्धा टाकून गेलं.

"बघा! हल्लीच्या मुलांना खेडं झेपतच नाही," ते मला म्हणाले आणि त्यांनी पोहे मागवले.

गेल्या मे महिन्यात मी त्यांच्याबरोबर त्याच विहिरीत पोहलो होतो. दोन पुरुष खोल पाणी होतं. मला चुकीची माहिती खपत नाही, तरी त्या रविवारी जोडप्यासमोर मी गप्प बसलो.