रहाटावरची बडबड

लग्नाआधी मी वेड्यांच्या इस्पितळात नोकरीला होते. तेव्हा सगळे असंच म्हणत, मीही म्हणायची. आमचे मोठे डॉक्टर एका प्रश्नाच्या हात धुऊन मागे लागले होते: बरी होऊन घरी गेलेली माणसं परत का येतात? प्रश्न त्यांचा, आणि लाँचने रेवसला उतरून गावोगाव पायपीट करायची मी. बोट लागायची तीही मलाच.

नागावजवळच्या एका वाडीतला तरुण असाच घरी गेला होता. भास थांबले होते, स्वतःशी बडबडणं तेवढं उरलं होतं. थोरल्या भावाचा त्याच्यावर फार जीव, म्हणून त्याला कशालाही हात लावू द्यायचा नाही. विहिरीकडे तर फिरकायचीही बंदी. दिवसभर ओटीवर बसवायचं आणि वर "गप बस" म्हणायचं! मीसुद्धा बडबडले असते. शेवटी भावाने कळवलं, हा काही गप होत नाही, परत घेऊन जा. त्या पोराला तर इस्पितळाचं नाव काढलं की रडू कोसळायचं.

मी न्यायला गेले तेव्हा थोरला तापाने फणफणून पडला होता आणि धाकट्याचा पत्ता नव्हता. घरामागच्या पोफळीच्या बागेतून रहाटाची करकर ऐकू येत होती. मागे जाऊन पाहते तर काय! अगदी विहिरीच्या काठाने, बैलामागून तो फेऱ्या घालत होता, तोंडाची टकळी चालूच. मी हाक मारणार, तोच खाली पोफळींना पाणी लावणारी त्याची वहिनी ओरडली,

"बाय, भावजींना गप करू नका! बैल थांबंल!"

झापडं बांधलेला तो बैल मागे माणसाचा आवाज असेतोवरच चालायचा. विहीर तीन घरांची, आज पाळी यांची, नवरा अंथरुणात आणि झाडं सुकायला आलेली. तिने सरळ दिरालाच रहाटावर धाडलं होतं. "माजा गला बसला वरडून," ती हसत म्हणाली, "यांचा काय बसत न्हाय."

इतक्यात थोरला घोंगडी गुंडाळून धडपडत आला आणि त्याने धाकट्याचा दंड धरला. धाकटा गप्प झाला. बैल थांबला. पाटाचं पाणी तुटलं.

"पानी!" खालून वहिनी.

थोरल्याने बैलाकडे पाहिलं, भावाकडे पाहिलं आणि दंड सोडला.

"बोल रे," तो म्हणाला. "बोल."

रहाट पुन्हा करकरू लागला. मला हसू आवरेना, डोळेही आवरेनात. तरी नोकरी ती नोकरी. मी धाकट्याला विचारलंच, "इस्पितळात काय सांगू?"

फेरी न मोडता तो म्हणाला, "सांगा, मला सवड न्हाय."