मागची सीट

विश्वास गेल्याची बातमी मला केळकरांनी दिली. केळकर म्हणजे त्याच्या मोटारशर्यतींच्या मंडळातले एक. तोवर मी त्यांना एकदाच पाहिलं होतं. फोनवर ते म्हणाले, "ताई, आपला विश्वास गेला." विश्वास माझा सख्खा थोरला भाऊ. लोणावळ्याच्या दवाखान्यात न्यूमोनियाने तो गेला तेव्हा केळकर उशाशी होते आणि मी तळेगावात दोरीवर कपडे वाळत घालत होते. तो इतका आजारी आहे हे मला कोणी कळवलं नव्हतं. त्यानेच नको म्हणून सांगितलं असणार. त्या 'आपला'चा राग इतक्या आठवड्यांनंतरही उतरलेला नाही.

शोकसभेत पुष्कळ जण बोलले. निर्भय, दिलदार, वेगाचा वेडा... मी शेवटच्या रांगेत बसून ऐकत होते. निर्भय माणूस भिंतीवर पाल दिसली की खोली सोडून जात नाही. दिलदारपणाचं पुढे सांगते. आणि वेगाचं म्हणाल तर त्याची गाडी बहुतेक वेळा शेवटची यायची. वर्तमानपत्राच्या या पुरवणीसाठी त्याच्याबद्दल चार चांगले शब्द लिहा, असं मला सुचवण्यात आलं. चांगले शब्द सभेत वापरून झाले आहेत. मी उरलेल्या शब्दांत लिहिते.

गाडी मुळात बाबांची. करड्या रंगाची फियाट, निवृत्त होऊन गावी निघालेल्या एका साहेबांकडून घेतलेली. सुट्टीत आम्ही तिच्यातून खोपोलीला आत्याकडे जायचो. पुढे बाबा आणि पाण्याचा कॅन मांडीत धरून बसलेला दादा. मागे डाव्या खिडकीशी आई आणि बाबांच्या बरोबर मागे मी, पुस्तक घेऊन. परतताना गाडी दुसऱ्या गिअरमध्ये घाट चढायची. माथ्यावर आलो की बाबा ती कडेला घेऊन इंजिन बंद करायचे आणि म्हणायचे, "दमली ती. बसू दे जरा." मग कोणी बोलायचं नाही. गरम लोखंड निवताना टिकटिकतं, तो आवाज थांबला की बाबा उतरून बॉनेट उघडायचे आणि दादा पाणी ओतायचा. इतकी काळजी घेतलेली ती गाडी होती.

बाबांच्या मागे ती दादाकडे गेली, याबद्दल माझी तक्रार नव्हती. मला गाडी येत नाही. दादा लोणावळ्यात एकटा राहायचा, आई माझ्याकडे तळेगावात. तिचे गुडघे गेले होते. रिक्षाची पायरी तिला उंच, नव्या गाड्यांची सीट खोल. फियाटची मागची सीट मात्र तिच्या उंचीला बरोबर यायची. तिच्यावर टेकून ती आधी वळायची आणि मग एकेक पाय आत घ्यायची. तिला डॉक्टरांकडे नेणं, इंदुरीला नदीकाठी फिरवून आणणं हे दादाचं काम होतं आणि ते तो करतही होता. मग त्याला ते मंडळ भेटलं.

या खेळात गाड्या एकमेकींशी झुंजत नाहीत. एकेक गाडी सोडतात आणि घड्याळ लावतात. सरळ सपाट रस्त्यावर पळवली की स्प्रिंट, चढावर वळणं घेत पळवली की हिलक्लाइंब. आंबीकडे बंद पडलेल्या एका कारखान्याच्या आवारात स्प्रिंट व्हायची; चढासाठी लोणावळ्याच्या पुढे एका खासगी वसाहतीचा रस्ता रविवारी सकाळी अडवून घेत. दाताचे डॉक्टर, बिल्डर, मंगल कार्यालयाचे मालक अशी ही हौशी मंडळी. हौसेला माझी ना नाही. पण चढावर वजन नडतं, हे दादाच्या डोक्यात शिरलं आणि तिथून पुढे त्याला गाडीत फक्त वजन दिसू लागलं. आधी स्टेपनी गेली. मग पायाखालचे गालिचे, मग दारांची आतली अस्तरं. त्याचा मेकॅनिक बबनराव सुदुंबऱ्याचा, तोंडाचा फटकळ. तो एकदा माझ्यादेखत म्हणाला, "भाऊ, आता तुमीच खाली उतरा. मंग बगा गाडी कशी पळती." दादाला ते फार आवडलं. तो ते सगळ्यांना सांगत सुटला.

मग एका दुपारी टेम्पोतून मागची सीट माझ्या दारात आली. दादाला ती ठेवायला लोणावळ्याच्या घरात जागा नव्हती. समोरच्या दोन सीटही त्याने बदलल्या होत्या; स्वतःसाठी शर्यतीच्या गाडीतली ती उंच पाठीची, खोलगट, काळी खुर्ची बसवली होती. आई दारात काठी घेऊन उभी होती.

"अरे, मग मी बसायचं कुठे?"

"आई, तुला टॅक्सी करून देतो की. एसी टॅक्सी."

"म्हणजे तुला माझं वजन नको झालं, असं म्हण."

दादा हसला. आईसुद्धा हसली. मी हसले नाही.

टॅक्सी एकदा आली. तिच्यातून आईला बाहेर काढायला दोन माणसं लागली. त्यानंतर तिने बाहेर जायचं नावच घेतलं नाही. सीट मी व्हरांड्यात विटांवर ठेवली होती. आई दुपारची तिच्यावर जाऊन बसायची, डावीकडे, आपल्या जागेवर, रस्त्याकडे तोंड करून. शेजारणींना सांगायची, "मुलगा शर्यतीत असतो. त्याला ही जड होते." अभिमानाने सांगायची. त्या अभिमानाचा मला जितका राग यायचा तितका दादाचाही येत नसे.

तिच्याच आग्रहावरून मी एकदा चढाची शर्यत बघायला गेले. केळकर भेटले ते तेव्हाच. धुकं होतं, रस्त्याच्या कडेने नारिंगी शंकू मांडले होते, वडापाव फिरत होते. नव्या गाड्या सूं करून वळणाआड गेल्या. मग आमची फियाट आली. आत पत्र्याचा नुसता डबा, त्यामुळे ती घसा फाडून ओरडत होती. वळणावर एका अंगाला कलली, रखडली, पुन्हा ओरडत वर गेली. शेवटची आली, हे सांगायला नकोच. मी चालत माथ्यावर पोचले तर दादा अजून गाडीतच बसलेला. इंजिन बंद, हेल्मेट मांडीवर. केळकर म्हणाले, "तो असाच बसतो. आम्ही त्या वेळी त्याच्याशी बोलत नाही." काय चाललं आहे हे मला कळलं. बाबांचं सगळं काढून फेकलं होतं आणि तेवढं एक ठेवलं होतं. मी काचेवर टकटक केली नाही. तशीच खाली आले.

आई गेली. पुढल्या हिवाळ्यात मंडळाने जुन्या गाड्यांचा वेगळा गट काढला. शेवटी कुठेतरी दादाला जिंकायची आशा होती. पण या गटाची अट अशी की गाडी कारखान्यातून आली तशी हवी, निदान सगळ्या मूळ सीट जागेवर हव्यात. इतकी वर्षं गाड्या सोलून हलक्या करणारी ही शहाणी माणसं आता भंगारवाल्यांकडे स्वतःचीच अस्तरं शोधत फिरत होती. दादाने पुढच्या दोन्ही जुन्या सीट कुठूनशा मिळवल्या, शर्यतीपुरत्या त्या लावणार होता. मागचीसाठी तो बबनरावाला आणि टेम्पोला घेऊन माझ्याकडे आला. मी तिच्यावर बसून वाचत होते.

"मनू, ऊठ. सीट न्यायची आहे."

"नाही."

"अगं, रविवारपुरती. सोमवारी परत आणून टाकतो."

"टाकूच नकोस."

बबनराव मध्ये पडला. "ताई, ती नसंल तर गाडी घेत न्हाईत हो. आमी लय सांगून बगितलं."

"बबनराव, आई हिच्यावर बसल्याबसल्या गेली. तुम्हाला ठाऊक आहे."

तो टेम्पोकडे गेला. दादा मात्र उभा राहिला. म्हणाला, "लायब्ररीत इतकी वर्षं नोकरी केलीस. लोकांनी नेलेली वस्तू मागून घ्यायचीस ना? मग माझी मला दे."

"तुझी नाही. तू परत केलेली आहे," मी म्हटलं आणि पान उलटलं.

तो त्या रविवारी पुन्हा नव्या गाड्यांच्या गटात धावला. शेवटचा आला. त्यानंतर आम्ही बोललो ते घरपट्टी आणि गॅसची जोडणी एवढ्यापुरतंच. लोक मला विचारतात, एका सीटसाठी? होय. तो आज आला तरी मी उठणार नाही.

शोकसभेनंतर केळकर घरी आले. विश्वासच्या आठवणीत फियाट एकदा चढावर न्यायची त्यांची इच्छा होती, जुन्या गटात. "आता तरी सीट द्याल ना, ताई?" चहा चांगला झालाय म्हणतात तशा सुरात विचारलं. मी सांगितलं, सीट मिळणार नाही आणि गाडीही मिळणार नाही. ते म्हणाले, विश्वासला हे आवडलं नसतं. मी म्हटलं, त्याला न आवडलेल्या गोष्टींत ही आणखी एक.

गाडी बबनरावाने तळेगावात आणून दिली. व्हरांड्यातली सीट आम्ही दोघांनी उचलून आत बसवली; कापड थोडं फाटलं, पण बसली. बॅटरी उतरू नये म्हणून तो अधूनमधून येऊन इंजिन चालू करतो, जरा वेळाने बंद करतो आणि चहाला जातो. मी मागे बसलेली असते, आपल्या जागेवर, पुस्तक घेऊन. लोखंड टिकटिकत असतं. समोर ती काळी खुर्ची. इतकी उंच, की तिच्यामागून मला रस्ता दिसत नाही, फाटक दिसत नाही, काहीच दिसत नाही. बाबांच्या खांद्यावरून मला सगळा घाट दिसायचा.

बबनराव दर वेळी विचारतो, "ताई, ही काढून जुनी बसवू का? पाच मिन्टाचं काम हाय."

पुढच्या वेळी, मी सांगते. आणि टिकटिक थांबेपर्यंत उतरत नाही.