चादरीच्या घड्या आणि आजचा पाठ

इस्पितळाच्या धुलाईखान्यात तिला खऱ्या नावानं कुणी हाक मारत नसे. आमेनमावशी म्हटलं की झालं. कुणी म्हणालं वाफ छान चढली, की ही म्हणणार आमेन. कुणाच्या पोरीचा ताप उतरला, आमेन. एकदा साबण संपल्याची बातमी आली तेव्हाही सवयीनं तोंडातून आमेन निसटलं आणि सगळे दिवसभर पोट धरून हसत होते.

बाई अंगानं काटकुळी, पण एकदा बोलायला लागली की आवरायची सोय नाही. रोज पहाटे चहा उकळेपर्यंत ती स्वयंपाकघरात उभ्याउभ्याच बायबलातला त्या दिवसाचा शास्त्रपाठ वाचायची. नवरा गेला त्या वर्षापासून एकही खाडा नाही. सून चेष्टा करायची, की आई, चहा उतू चाललाय, तुमचा देव काही गॅस बंद करायला येत नाही. त्यावर मावशीचं उत्तर तयार असे, की म्हणून तर त्यानं सून दिलीय.

तिचा एक नियम मात्र पक्का. पाठ आपल्या आवडीनं निवडायचा नाही. देवळानं, म्हणजे तिच्या चर्चनं, ज्या दिवसाला जो पाठ लावून दिलाय तोच घ्यायचा. गोड असो, कडू असो, कधी नुसती पूर्वजांची लांबलचक नावं असोत, तोच दिवसभर मनात घोळवायचा. आपल्याला हवं तेच ऐकायचं असेल तर माणसानं आरशासमोर जाऊन बसावं, देवापुढे कशाला, असं तिचं म्हणणं होतं.

धुलाईखान्यातला जुना बॉयलर तापायला चांगलाच वेळ खायचा. त्या रिकाम्या वेळात मावशी पाठ वाचून दाखवायची. ज्याला ऐकायचं तो ऐकायचा, बाकीचे दाराशी चहा पीत उभे राहायचे, कुणावर सक्ती नव्हती. वाचून झालं की ती विचारायची, हे आज आपल्याला कुठं लागू पडतं? आणि लागू पडायचं हो. प्रभूनं शिष्यांचे पाय धुतले तो पाठ होता त्या दिवशी इस्त्रीवाली आपणहून धुणाऱ्या बाईकडे गेली आणि वर्षभराचा अबोला संपवून आली.

मग नवा बॉयलर बसला. बटण दाबलं की वाफ तयार. त्याच्याच पाठोपाठ नवी सुपरवायझरबाई आली आणि तिनं पहिल्याच आठवड्यात वाचन बंद केलं. बाई काही दुष्ट नव्हती. वॉर्डात पेशंट उघड्या गादीवर पडून असतात, इथं वाचत बसायला वेळ कुणाला आहे, असं तिनं सरळ सांगितलं, आणि ते खोटंही नव्हतं.

मावशीच्या जिवाला फार लागलं. त्या रात्री ताटावर बसून नुसतं अन्न चिवडत राहिली. घरी वाचता येत होतं, पण घरी तो पाठ तिच्या एकटीचा. चार माणसांत तो वाटला जायचा तेव्हाच तिला वाटायचं, की आपण नुसत्या नवऱ्यामागे उरलेल्या नाही, कुणाच्या तरी उपयोगाच्या आहोत. ते गेलं तर मग काय उरलं?

पण गप्प बसेल ती मावशी कसली. मोठी चादर घडी करायला दोघी लागतात. दोन टोकं हिनं धरायची, दोन तिनं. मागे सरून ताणायची, झटकायची, मग पुढे येऊन टोकाला टोक लावायचं. टोकं जुळताना दोघींची तोंडं समोरासमोर येतात. मावशीनं तेवढ्यात पाठातलं एक वाक्य सांगायला सुरुवात केली, आपल्या साध्या शब्दांत. दुसऱ्या घडीला दुसरं. काम क्षणभरही थांबलं नाही. तिची जोडीदारीण ते वाक्य पुढच्या टेबलावर न्यायची, आणि दुपारपर्यंत पाठ इस्त्रीच्या मशीनपर्यंत पोचायचा. जे पूर्वी दाराशी चहा पीत उभे असत, तेही आता विचारायला लागले, की पुढं काय झालं.

कुजबुज लपते थोडीच. सुपरवायझरबाईनं मावशीला बाजूला घेऊन बजावलं, की आता पुन्हा कानावर आलं तर मळक्या कपड्यांच्या खोलीत एकटीला बसवीन. तिथं दिवसभर भिंतीशी बोलायचं.

दुसऱ्याच दिवशी जोडीदारीण आजारी पडली. वॉर्डातून चादरींसाठी फोनवर फोन. सुपरवायझरबाईनं बाह्या सारल्या आणि स्वतःच चादरीची पलीकडची टोकं धरली.

मावशीला पेच पडला. कारण त्या दिवशीचा पाठ होता तो विधवेचा आणि तिला दाद न देणाऱ्या न्यायाधीशाचा. आता हा समोर उभा राहून सांगायचा म्हणजे बाईला तोंडावर टोमणा मारल्यासारखंच की. मेंढपाळाचं एखादं मऊ वचन सांगावं का, असं मनात येऊन गेलं. पण नियम तो नियम. गप्प राहिलं तर आजचा पाठ गिळला असं होणार, बदलला तर देवाला फसवलं असं होणार. चादर ताणली, झटकली, टोकं जुळली.

"एका गावात एक न्यायाधीश होता," मावशी म्हणाली. "तो देवाला भीत नव्हता आणि माणसांना मोजत नव्हता."

सुपरवायझरबाईची मान वर झाली. दुसरी घडी पडली. मावशीनं सांगितलं, की त्याच गावात एक विधवा होती, ती रोज त्याच्या दाराशी यायची आणि न्याय मागायची, आणि तो रोज तिला परत पाठवायचा. तेवढ्यात चादर संपली. मावशीनं डोळे मिटून घेतले. आता मळकी खोली.

सुपरवायझरबाईनं ढिगातून दुसरी चादर ओढली आणि तिची दोन टोकं मावशीच्या हातात दिली.

"पुढे?"

मावशीनं उरलेलं सांगितलं. विधवा काही यायची थांबेना, शेवटी न्यायाधीश कंटाळला आणि म्हणाला, हिची कटकट संपवायची तर हिला न्याय द्यावाच लागेल. एवढं म्हणून मावशी थांबली आणि जे होईल ते होवो म्हणून बाईच्या डोळ्यांत बघत उभी राहिली.

"तो कंटाळून हो म्हणाला," सुपरवायझरबाई म्हणाली. "मी कंटाळून म्हणत नाही, मावशी. उद्यापासून मोठ्यानं सांगा. माझ्या खोलीत निम्मंच ऐकू यायचं, आणि उरलेलं मी कुणाला विचारणार होते?"

मावशीला हसू आणि रडू एकदम आलं. हातातली टोकं तशीच धरून, छाती भरून, खोलीच्या पार दुसऱ्या टोकापर्यंत ऐकू जाईल अशा आवाजात ती म्हणाली, आमेन. आणि चादरीच्या पलीकडून, थोडं चाचरत, पण स्पष्ट, तेच उत्तर आलं.