चुकणारा स्टॉप

कडोलीहून बेळगावला जाणाऱ्या सकाळच्या बसमध्ये ती माझ्या शेजारी बसते. कॉलेजात शिकते, एवढंच मला माहीत. महिनाभर मी तिचं वाचन चोरून बघतेय. आधी गुलाबी मुखपृष्ठाची प्रेमकथा होती. ती वाचताना तिच्या कानाच्या पाळ्या लाल व्हायच्या. मग एक जाडजूड, गंभीर कादंबरी आली, तेव्हा नखं खायची. आता जपानी चित्रकथा आहे. मांगा म्हणे. मागच्या पानापासून वाचायची! पुस्तक कुठलंही असो, तिचा स्टॉप चुकतोच. कंडक्टर ओरडतो, "अगं पोरी, कॉलेज मागं ऱ्हायलं की!" मग ती पुढं उतरून हसत उलटी पळते.

मला त्या पुस्तकांचा हेवा वाटतो. त्या चित्रांच्या बाडाचा तर जास्तच. माझाही एक कथासंग्रह आहे. गावच्या साहित्य संमेलनात त्याचं प्रकाशन झालं, शाल मिळाली, टाळ्याही पडल्या. पण त्यापायी कुणाचा स्टॉप चुकल्याचं ऐकलं नाही.

परवा धीर करून तो तिच्या हातात दिला.

"मावशी, तुमी लिवलाय व्हय?" तिचे डोळे मोठे झाले.

काल तिनं तो बसमध्ये उघडला. मी खिडकीबाहेर बघायचं नाटक करत होते. कॉलेज दिसायला लागलं तशी तिनं पानात तिकीट खोचलं, पुस्तक सॅकमध्ये ठेवलं, "लई छान हाय, मावशी," म्हणाली आणि दारापाशी जाऊन उभी राहिली.

"आज शाणी झालीस गं!" कंडक्टर कौतुकानं म्हणाला.