दिनकरमामांची बधिर करंगळी

मित्रहो, आज दुपारी आमचे शेजारी दिनकरमामा यांच्या कोपराचं ऑपरेशन झालं. तिथं दबलेली नस डॉक्टरांनी मोकळी केली.

कसबा बावड्यात मामांच्या म्हशी आहेत. दोन वर्षांपूर्वी धार काढताना कोपरापासून मुंग्या येऊन त्यांची करंगळी बधिर व्हायला लागली. "दवाखान्यात जाऊ व्हय?" त्यांनी मला विचारलं होतं. मी ठणकावून सांगितलं, "कशाला? तालमीत जा, वस्तादांकडून कोपर चोळून घ्या."

ते गेले आणि चोळूनच घेत राहिले.

आज डॉक्टर म्हणाले, "मुंग्या कमी होतील. पण हाताचं मांस झडलंय, ताकद पूर्ण परत येईल याची खात्री नाही. फार उशिरा आलात."

"मामा, चूक माझी आहे," मी म्हणालो.

"व्हय की. तू एवढी पुस्तकं वाचतोस, म्हणून तुझं ऐकलं," मामा म्हणाले. मग हळूच म्हणाले, "थोरली म्हस दुसऱ्याच्या हाताला पान्हा सोडत न्हाय रं."

मी सभांमधून बुवाबाजीवर तुटून पडतो. पण ज्यातलं मला काही कळत नव्हतं, ते मीही तेवढ्याच ठामपणे सांगितलं.

तुमच्या शब्दावर विसंबून कुणी दवाखाना टाळतंय का? त्याला आत्ताच फोन करा.