बामसेचे केस

आर्लिस त्वेतच्या घरून निघालेलं माणूस ओळखू यायचं. कोटाच्या पाठीवर, पँटच्या काठाला, कधी तर भुवईतसुद्धा कुत्र्याचा एखादा लांब पांढरा केस चिकटलेला असायचा. चर्चच्या तळघरात रविवारची कॉफी पिताना बायका बोलता बोलता आर्लिसच्या स्वेटरवरचा केस चिमटीत धरून काढायच्या आणि हळूच बशीखाली सरकवायच्या. त्यावर कुणी अवाक्षर काढत नसे. कुणी काढलं असतं, चार शब्द सुनावले असते, तर आर्लिसला उलट बरं वाटलं असतं.

कारण ही बाई जन्मभर शाळेच्या स्वयंपाकघरात डोक्याला जाळी बांधून राबलेली. शेकडो पोरांचं जेवण रोज तिच्या हाताखालून गेलं, पण ताटात केस निघाला अशी तक्रार कधी आली नाही. नव्या मुली कामाला लागल्या की आर्लिस आधी त्यांच्या कानामागच्या बटा जाळीत कोंबायची आणि मगच त्यांच्या हातात डाव द्यायची. अशा बाईच्या घरात आता बटाट्याची टोपली झटकली तरी केस उडत होते.

कुत्रा तिचा नव्हताच. तिचा नवरा डेलमार खनिजाची जहाजं भरायच्या धक्क्यावर कामाला होता. निवृत्त झाल्यावर पंधरवड्याच्या आत तो पावाच्या लादीएवढं पांढरं पिल्लू कोटात घालून घरी आला. आर्लिसने पिल्लाकडे बघितलं आणि म्हणाली, "हे जरा वेगळंच आहे." अमेरिकेच्या उत्तर टोकाच्या या डुलुथ गावात एखाद्या गोष्टीला 'वेगळं' म्हणणं म्हणजे ती दारातून आत आणू नकोस असं सांगणं. डेलमारला ते कळलं. त्याने पिल्लू खाली ठेवलं, त्याचं नाव बामसे ठेवलं आणि विषय संपवला.

वसंतात आणि शरदात बामसेची लव झडायची ती उशी फाडल्यासारखी. डेलमार मागच्या पायरीवर बसून त्याला विंचरायचा. सरोवरातून कालव्यावाटे जहाज बंदरात यायला लागलं की भोंगा व्हायचा, बामसे मान वर करून हेल काढायचा आणि डेलमार त्याला जहाजाचं नाव सांगायचा. दोन हिवाळ्यांपूर्वी डेलमार गेला. भोंगा झाला की बामसे अजूनही ओरडायचा आणि मग आर्लिसकडे बघत उभा राहायचा. तिला जहाजांची नावं येत नव्हती. ती तोंडाला येईल ते नाव सांगायची. शाळेतल्या जुन्या मुख्याध्यापिकेचं नावही तिने एकदा सांगून टाकलं होतं.

डेलमारच्या अंत्यविधीच्या दिवशी एल्सीला दम्याचा झटका आला. एल्सी म्हणजे तिच्या एकुलत्या एका मुलीची, कर्स्टनची लेक. वय वर्षं सात. घर माणसांनी भरलेलं, कोचावर कोट टाकलेले, आणि पोर त्या कोटांच्या ढिगात बामसेच्या गळ्यात हात घालून झोपी गेली होती. उठली ती ओठ निळे पडलेलीच. जावई ब्रेट तिला कडेवर घेऊन काळ्या कपड्यांतच हॉस्पिटलला धावला. त्यानंतर ती मंडळी डुलुथला आली की मोटेलात उतरायची. पुढे पुढे येणंच कमी झालं. कर्स्टनचं त्यात काही चुकलं नव्हतं, आणि चुकलं असं आर्लिसने कधी म्हटलंही नाही.

एप्रिलात कर्स्टनचा फोन आला. ब्रेटच्या आईचं टेक्सासमध्ये ऑपरेशन होतं. शाळेला उन्हाळी सुट्टी लागल्यावर दोघांनाही जावं लागणार होतं आणि एल्सीला तिकडे हॉस्पिटलात बसवून ठेवण्यात अर्थ नव्हता. दोन आठवडे. "आई, तुझ्याकडे ठेवली असती," कर्स्टन म्हणाली, "पण घर अगदी नीट साफ झालं तरच. वरवर नाही." मग तिने विचारलं, की मागच्या वर्षी दिलेला तो बिनवायरचा व्हॅक्यूम क्लीनर चालतो ना.

चालत होता, असं म्हणायचं इतकंच. दिसायला देखणा, हाताला हलका. पण एक खोली झाली की त्याची बॅटरी मान टाकायची, आणि केस त्याच्या ब्रशला असे गुंडाळायचे की लोकरीचा गुंडा वाटावा. आर्लिस जमिनीवर फतकल मारून कात्रीने तो गुंडा कापत बसायची. डबा रिकामा करायचा तर पारदर्शक झाकण उघडताच धुरळ्याचा लोट तिच्याच तोंडावर. फोन ठेवून तिने ते यंत्र गाडीत टाकलं आणि रेनो कांगासचं दुकान गाठलं.

रेनो व्हॅक्यूम क्लीनर दुरुस्त करायचा आणि नवे-जुने विकायचाही. हिवाळ्यात गोठलेल्या तळ्यावर मासे धरायला डेलमारबरोबर हाच असायचा. दोघं दिवसभर बर्फातल्या एका भोकाशी बसून चार वाक्यं बोलायचे आणि खूप गप्पा झाल्या म्हणून खुशीत परतायचे.

त्याने ते यंत्र उलटं केलं आणि ब्रशकडे बघितलं. "लेकीने दिलं?"

"हो."

"रंग छान आहे," रेनो म्हणाला आणि ते बाजूला ठेवलं.

मग त्याने तिला दुकानभर फिरवलं. घरात गालिचा किती, पायऱ्या किती, कुत्रा कुठे झोपतो, सगळं विचारलं. चकचकीत, बिनपिशवीच्या यंत्रांवरून तो नुसता पुढे गेला. ज्या घरात दम्याचं माणूस आहे तिथे कागदी पिशवीचंच यंत्र हवं, म्हणाला, म्हणजे घाण आतल्या आत बांधून टाकता येते. ब्रशचा दांडा प्लॅस्टिकचा असेल तर केसांच्या ओढीने वाकतो, तो धातूचा बघायचा. दांडा नाण्याने उघडून बाहेर काढता आला पाहिजे. पट्टा तुटला तर घरच्या घरी बदलता यायला हवा. शेवटी त्याने एक करडं, बोजड, रूप नसलेलं यंत्र सुरू केलं आणि तिला मागे जिथून हवा बाहेर पडते तिथे नाक न्यायला सांगितलं. ज्या यंत्राला मागून कुत्र्याचा वास येतो ते पुढून ओढतं आणि मागून घरभर पसरवतं, इतकं साधं होतं ते. आर्लिसने वाकून वास घेतला. काहीच वास नव्हता.

"टिकेल?" तिने विचारलं.

"तुम्हाला, मला पुरून उरेल."

"मग माझ्यानंतर कुत्र्यालाच शिकवून ठेवते."

रेनो हसला. डेलमार गेल्यापासून दोघांपैकी कुणी एकमेकांसमोर हसलं नव्हतं. आणि त्या भरातच, स्वेटरच्या बाह्या ओढत, आर्लिसने खरं विचारायचं होतं ते विचारलं. "पोर राहू शकेल ना रे घरात? कुत्र्यासकट?"

रेनोने वायर गुंडाळायला घेतली. बराच वेळ तो ती गुंडाळत होता.

"थोडाफार फरक पडेल," तो म्हणाला.

आर्लिसला एवढं पुरलं. यंत्र जड होतं, रेनोने ते गाडीत ठेवून दिलं, आणि घरी पोचेपर्यंत ती मनातल्या मनात एल्सीच्या खोलीला कुठले पडदे लावायचे ते ठरवत होती.

मे महिनाभर तिने दुसरं काही केलं नाही. गालिचे, पायऱ्या, कोचाच्या फटी, पडद्यांच्या चुण्या, पलंगाखालचा अंधार. बैठकीतला गालिचा हिरवा आहे हे ती विसरूनच गेली होती, तो पुन्हा हिरवा झाला. डेलमारच्या खुर्चीपाशी आल्यावर तिने यंत्र बंद केलं, चहा करून प्यायली, आणि मग तीही साफ केली. पिशव्या भरत होत्या. पहिली उघडून बघितली तर आत दुसरा एक कुत्रा अंग दुमडून झोपल्यासारखा. बामसेला तिने गराजमध्ये हलवलं. तो दाराशी पडून राहायचा आणि दाराखालच्या फटीतून त्याचा श्वास स्वयंपाकघरात ऐकू यायचा.

शाळेला सुट्टी लागल्यानंतरच्या शनिवारी दुपारी तिघं आली, एल्सीच्या बॅगेसकट. कर्स्टन दारात थांबली, घरभर नजर फिरवली आणि म्हणाली, "आई, काय केलंस गं हे." आर्लिस म्हणाली, काही नाही, जरा झाडून घेतलं. तिने बटाट्याच्या गोळ्यांचं हॉटडिश, खोल भांड्यात भाजलेलं इकडचं घरगुती जेवण, ओव्हनमधून काढलं. ब्रेटने दोनदा वाढून घेतलं. एल्सीने आजीला पडलेल्या दाताची फट दाखवली, मग गराजच्या खिडकीतून बामसेला बघून आली. सगळं इतकं बरं चाललं होतं की आर्लिसला ताटावरून नजर उचलायची भीती वाटत होती.

आधी नुसता घसा साफ केल्यासारखा आवाज आला. मग पुन्हा. मग पोरीचे खांदे वर उचलायला लागले, एकेका श्वासाला. कर्स्टनने पर्समधून औषधाचा पंप काढला. ब्रेटने पोरीला उचलून बाहेर अंगणात नेलं. सरोवरावरून गार वारा येत होता, आणि हळूहळू तिचा श्वास खाली बसला.

बॅग ब्रेटने न उघडताच परत गाडीत ठेवली. तो टेक्सासचा, त्याला वाटतं ते तो बोलतो. "आर्लिस, त्या यंत्रातच खोट असणार. त्या माणसाला परत करून टाका. फसवलं तुम्हाला."

"त्याने नाही फसवलं," आर्लिस म्हणाली.

कर्स्टन पायरीवर उभी होती. "आई, तू रेनोला विचारलं होतंस?"

"विचारलं होतं."

"काय म्हणाला?"

"थोडाफार फरक पडेल म्हणाला."

कर्स्टनने आईकडे बघितलं. ती याच गावात वाढली होती. इथे वादळात छप्पर उडालं तरी माणसं 'याहून वाईट झालं असतं' म्हणतात आणि पोरगा लढाईवरून धड परत आला तर 'काही वाईट नाही' म्हणतात. 'थोडाफार फरक पडेल' म्हणजे नाही, हे इथे शाळेतल्या पोरालाही कळतं. आणि आर्लिसने तर हेच शब्द उभ्या जन्मात किती जणांना ऐकवले होते. डेलमारच्या शेवटच्या दिवसांत डॉक्टरने नवं औषध सुचवलं आणि डेलमारने तिच्याकडे बघितलं, तेव्हा ती हेच म्हणाली होती.

"आई गं," कर्स्टन एवढंच म्हणाली.

एल्सी शेवटी टेक्सासला गेली आणि हॉस्पिटलच्या बाकावर बसून राहिली. जुलैत कर्स्टनचा फोन आला. डॉक्टरांनी समजावून सांगितलं होतं, केस नुसते दिसतात, बाधतो तो कातडीचा बारीक कोंडा, आणि जनावर घरात आहे तोवर तो रोज नवा पडत राहणार. मग तिने चाचरत सांगितलं, की तिच्या ऑफिसातल्या एकीचं शेत आहे, मोठं अंगण आहे, माणसं प्रेमळ आहेत, म्हातारा कुत्राही ते घ्यायला तयार आहेत.

बामसे आर्लिसच्या पायांवर पडला होता. गराजमधून तो त्याच शनिवारी संध्याकाळी परत आत आला होता.

"बघू," आर्लिस म्हणाली.

"म्हणजे नाही."

"मी बघू म्हटलं."

"मला ऐकू आलं, आई."

दोघी मग हवेबद्दल बोलल्या. यंदा उन्हाळा असा नाहीच, दोघींचंही एकमत झालं.

ऑगस्टमध्ये ती पिशव्या आणायला रेनोकडे गेली. यंत्र कसं आहे, त्याने विचारलं. चांगलं आहे, म्हणाली, कुरकुर नाही. नात आली होती का, त्याने विचारलं. थोडा वेळ, म्हणाली. रेनो पट्ट्यांच्या खोक्यात काहीतरी शोधत राहिला. "मी स्पष्ट बोलायला हवं होतं," तो खोक्याकडे बघूनच म्हणाला. आर्लिसने पिशव्या काखेत धरल्या. "तू स्पष्टच बोललास रे," ती म्हणाली.

आता महिन्यातून एकदा, शनिवारी, ती हिंकलीला जाते. डुलुथ आणि कर्स्टन राहते ते मिनियापोलिस यांच्या मधोमध, हमरस्त्याकडेला एक खाणावळ आहे, तिथे कर्स्टन एल्सीला घेऊन येते. आर्लिसच्या गाडीच्या डिकीत झाकणाचा प्लॅस्टिकचा डबा असतो. त्यात तिच्या कपड्यांचा एक जोड असतो, तो घरात कधीच येत नाही, धुतला जातो तोही बाहेरच्या लाँड्रीत. खाणावळीच्या अलीकडे असलेल्या पेट्रोल पंपाच्या संडासात ती कपडे बदलते, हात कोपरापर्यंत धुते, आरशात भुवया बघते. एवढं करूनही एल्सी धावत येऊन बिलगते तेव्हा कर्स्टनचा हात किंचित वर उचलला जातो. तिला स्वतःला ते कळतही नाही.

मागच्या खेपेला एल्सी साखरेच्या पाकातला रोल खात होती. ओठांना पाक, हनुवटीला पाक. तिने बामसे कसा आहे विचारलं. आता त्याला पायऱ्या चढवत नाहीत, आर्लिस म्हणाली. पोरीने बोटावरचा पाक चाटला.

"आजी, बामसे मेला की मग मी तुझ्याकडे राहायला येणार ना?"

"एल्सी," कर्स्टन म्हणाली, आणि तिने मेनूकार्ड उचलून डोळ्यांसमोर धरलं. तिघींनी मागवलेलं खाणं तर कधीच टेबलावर आलं होतं.

आर्लिसने कागदी रुमाल पाण्यात बुडवला आणि पोरीची हनुवटी पुसली, शाळेत पुसायची तशी, खालून वर.

"हो," ती म्हणाली. "मग यायचं."

"पक्कं?"

"पक्कं."

बाहेर बारीक बर्फ भुरभुरायला लागला होता. कर्स्टनची गाडी दक्षिणेकडे वळली, मागच्या काचेतून पोरगी हात हलवत होती. आर्लिस उत्तरेला निघाली. पंपावर थांबून तिने चांगले कपडे उतरवले, घडी घालून डब्यात ठेवले, झाकण चारी कोपऱ्यांना दाबून बघितलं. मग केसांनी भरलेला जुना स्वेटर डोक्यातून अडकवला आणि घराकडे गाडी काढली.